घटक ४ : राजकीय आघात आणि मतदारांची पक्षनिष्ठा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
- ‘मतबदल’ आणि ‘निष्ठाबदल’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- आणीबाणीचा १९७७ च्या लोकसभा निवडणुकीवरील परिणाम प्रदेशपरत्वे वेगळा का झाला, हे सांगता येईल.
- १९८० व १९८४ च्या निकालांची कारणमीमांसा करता येईल.
- निवडणुकीच्या आकडेवारीवरून कोणते अनुमान काढता येते आणि कोणते येत नाही, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भारतातील पक्षपद्धतीचे स्वरूप अभ्यासले. या घटकात मतदार एखाद्या पक्षाशी कसा बांधला जातो आणि ते बंधन कशाने तुटते, याचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी दोन निकाल शेजारी ठेवून पाहू. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ जागांपैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. १९९८ मध्येही त्याच राज्यात त्याच पक्षाच्या वाट्याला शून्य जागा आल्या. वरवर पाहता दोन्ही निकाल सारखेच आहेत. परंतु पहिल्या शून्यानंतर अवघ्या तीन वर्षांत काँग्रेसने तेथे ५१ जागा जिंकल्या आणि १९८४ मध्ये ८३. दुसऱ्या शून्यानंतर मात्र त्या राज्यातील आपले जुने स्थान या पक्षाला परत मिळाले नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पहिल्या पराभवामागे आणीबाणीसारखा प्रचंड आघात होता. दुसऱ्या पराभवाच्या आधी तसा एखादा देशव्यापी धक्का बसलेला नव्हता. ज्या आघाताने सरकार उलथवले त्याने मतदार कायमचा तोडला नाही, आणि जेव्हा तो कायमचा तुटला तेव्हा तसा आघात नव्हता, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत घटकाचा हेतू आहे.

१९७७ आणि १९८० च्या निकालांवरून ‘भारतीय मतदार विसराळू आहे’ असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो कितपत टिकतो, हेही आपण तपासणार आहोत. सामान्य मतदाराच्या विवेकावर लोकशाहीची भिस्त असल्यामुळे हा निष्कर्ष खरा की खोटा, याला महत्त्व आहे.

४.२ काही मूलभूत संकल्पना

एखाद्या पक्षाविषयी मतदाराच्या मनात असलेली दीर्घकालीन आपुलकी म्हणजे पक्षनिष्ठा होय. ती कुटुंब, जात, वर्ग, गाव, व्यवसाय, कामगार संघटना किंवा सहकारी संस्था यांच्या संस्कारांतून घडते. मत हे मात्र एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट उमेदवारांपैकी एकाला दिले जाते. निष्ठा एका पक्षावर असूनही मत दुसऱ्याला जाऊ शकते. म्हणून एका निवडणुकीपुरता झालेला बदल तो मतबदल, आणि पुढील अनेक निवडणुकांत टिकून राहणारा बदल तो निष्ठाबदल, असा भेद आपण करू.

हा भेद अमेरिकेतील अभ्यासकांनी प्रथम पद्धतशीरपणे मांडला. व्ही. ओ. की यांनी १९५५ मध्ये ‘निर्णायक निवडणूक’ ही संकल्पना मांडली. मतदारांची जुनी विभागणी मोडून नवी आणि टिकाऊ विभागणी जिच्यातून दिसते, ती निर्णायक निवडणूक होय. पुढे अँगस कॅम्पबेल यांनी निवडणुकांचे तीन प्रकार सांगितले : जुन्या निष्ठा कायम राखणारी, तात्पुरती विचलित झालेली आणि निष्ठांची पुनर्रचना करणारी. अमेरिकेत १९२९ च्या महामंदीनंतर १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आले आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने लागोपाठ पाच अध्यक्षीय निवडणुका जिंकल्या. तेथे आघातामागोमाग पुनर्रचना झाली. प्रत्येक आघातानंतर असेच घडते का, हे भारताच्या उदाहरणावरून पाहू.

राजकीय आघात म्हणजे नेहमीच्या राजकारणाची चौकट मोडणारी, बहुसंख्य नागरिकांना जाणवणारी आणि सत्तेविषयीच्या मूल्यमापनाला भाग पाडणारी घटना. आणीबाणी, युद्ध, नेत्याची हत्या, आर्थिक अरिष्ट ही तिची उदाहरणे होत.

> स्वयं-अध्ययन प्रश्न १
> (अ) मतबदल आणि निष्ठाबदल यांतील मुख्य फरक कोणता?
> (आ) कॅम्पबेल यांनी सांगितलेले निवडणुकांचे तीन प्रकार कोणते?

४.३ पहिला आघात : आणीबाणी आणि १९७७ ची निवडणूक

४.३.१ आघाताचे स्वरूप

१९५२ ते १९७१ या काळातील पाचही लोकसभा निवडणुकांत काँग्रेसला ४० ते ४८ टक्क्यांच्या दरम्यान मते मिळाली होती. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतून झालेली निवड रद्द ठरवली आणि २५ जून रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले आणि एक लाखाहून अधिक लोकांना स्थानबद्ध करण्यात आले.

सुशिक्षित मध्यमवर्गाला हा आघात प्रामुख्याने स्वातंत्र्याचा संकोच म्हणून जाणवला. मराठी साहित्यविश्वात त्याचे पडसाद उमटले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी आणीबाणीला उघड विरोध केला. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षासाठी प्रचारसभा घेतल्या.

ग्रामीण आणि गरीब मतदाराला मात्र आणीबाणी वेगळ्या रूपात भेटली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांना उद्दिष्टे ठरवून दिली गेली आणि ती पुरी करण्यासाठी अनेक ठिकाणी सक्ती झाली. दिल्लीत तुर्कमान गेट भागातील वस्ती पाडली गेली, गोळीबारही झाला. बातम्या छापता येत नसल्याने सरकारला लोकक्षोभाची तीव्रता कळली नाही. उलट ऐकीव माहितीतून भीती गावोगाव पसरली. राज्यघटनेतील कलमांशी ज्याचा कधी संबंध आला नव्हता, अशा माणसाच्या शरीरापर्यंत आणि घरापर्यंत सत्ता येऊन पोहोचली होती.

४.३.२ उत्तर आणि दक्षिण

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर झाली व मार्चमध्ये मतदान झाले. काँग्रेसची मते ३४.५ टक्क्यांवर घसरली आणि जागा ३५२ वरून १५४ वर आल्या. जनता पक्षाने २९५ जागा जिंकल्या. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरियाणा व दिल्ली येथे काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. राजस्थान व मध्य प्रदेशात प्रत्येकी एकच मिळाली.

दक्षिणेतील चित्र याच्या नेमके उलट होते. आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. केरळात काँग्रेस आघाडीने सर्व २० जागा मिळवल्या.

एकाच देशावर एकच आणीबाणी लादलेली असताना असे का घडले? याची मुख्यतः दोन कारणे सांगता येतात. एक, सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तर भारतात सर्वाधिक होता. दक्षिणेत तो तुलनेने सौम्य राहिला, तर कर्नाटकात देवराज अर्स यांच्या सरकारच्या जमीनसुधारणांमुळे गरीब कुळांना काँग्रेसशी जोडून राहण्याचे सबळ कारण होते. दोन, जनता पक्षातील भारतीय लोकदल, जनसंघ आणि समाजवादी यांची संघटना उत्तरेत होती. दक्षिणेत ती दुबळी होती. दक्षिणेतील एखादा मतदार नाराज असला, तरी ती नाराजी व्यक्त करण्यासाठी समर्थ पर्याय त्याच्यासमोर नव्हता.

४.३.३ महाराष्ट्र : मधली स्थिती

महाराष्ट्राचा निकाल या दोन टोकांच्या मध्ये पडतो. ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. उरलेल्या जागा जनता पक्ष (१९), शेतकरी कामगार पक्ष (५), मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (३) आणि रिपब्लिकन पक्षाचा एक गट (१) यांनी जिंकल्या. मुंबईतील सर्व सहा जागा काँग्रेसने गमावल्या, तर विदर्भातील बहुसंख्य जागा राखल्या.

आघाताची तीव्रता येथे कमी नव्हती. १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. तरीही उत्तर प्रदेशासारखी पडझड झाली नाही, याचे एक कारण काँग्रेसच्या बांधणीत शोधता येते. साखर कारखाने, सहकारी बँका, जिल्हा परिषदा आणि शिक्षणसंस्था यांच्यामार्फत हा पक्ष मतदाराच्या रोजच्या व्यवहारात गुंफलेला होता. जेथे निष्ठा संस्थांनी धरून ठेवलेली असते तेथे आघाताचा जोर बराचसा झेलला जातो, हे यावरून दिसते.

४.३.४ पर्यायाची उपलब्धता

आपल्या निवडणूक पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो; निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नसते. विरोधी मते फुटल्यामुळे ४० ते ४८ टक्के मतांवर काँग्रेस प्रचंड बहुमत मिळवत असे. १९७७ मध्ये संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष एका झेंड्याखाली आले. २ फेब्रुवारी रोजी जगजीवनराम यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्याने दलित मतदारांसमोरही वेगळा मार्ग खुला झाला. काँग्रेसच्या मतांत सुमारे नऊ टक्के गुणांची घट झाली आणि जागा निम्म्याहून अधिक घटल्या, त्यामागे मतदारांच्या रोषाइतकाच विरोधकांच्या एकजुटीचा वाटा होता.

> स्वयं-अध्ययन प्रश्न २
> (अ) दक्षिण भारतात १९७७ मध्ये काँग्रेस टिकून राहण्याची दोन कारणे सांगा.
> (आ) काँग्रेसच्या मतांतील घटीपेक्षा जागांतील घट मोठी का होती?

४.४ मतदार परत का फिरला? : १९८० ची निवडणूक

पुढील कोष्टक काळजीपूर्वक अभ्यासा.

कोष्टक ४.१ : लोकसभा निवडणुका आणि काँग्रेस

| वर्ष | देशातील मतदान (टक्के) | काँग्रेसची मते (टक्के) | देशातील जागा | उत्तर प्रदेशातील जागा (८५ पैकी) |
|---|---|---|---|---|
| १९७१ | ५५.३ | ४३.७ | ३५२ | ७३ |
| १९७७ | ६०.५ | ३४.५ | १५४ | ० |
| १९८० | ५६.९ | ४२.७ | ३५३ | ५१ |
| १९८४ | ६३.६ | ४९.१ | ४०४ | ८३ |
| १९८९ | ६२.० | ३९.५ | १९७ | १५ |

(१९८४ च्या आकड्यांत पंजाब व आसाम यांचा समावेश नाही, तेथे १९८५ मध्ये मतदान झाले. १९८० पासूनचे आकडे काँग्रेस (आय) या पक्षाचे आहेत.)

१९७१ आणि १९८० या दोन ओळींची तुलना केल्यास मधले १९७७ जणू घडलेच नाही, असे वाटू लागते. ‘विसराळू मतदार’ हा निष्कर्ष येथूनच जन्माला येतो. परंतु मतदाराने १९७७ मध्ये काय मागितले होते, हे आधी पाहावे लागेल. त्याला सक्ती संपवायची होती आणि ती संपली. आणीबाणी उठली, पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारणच काढून टाकले आणि त्याजागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. म्हणजे मतदाराने दिलेला आदेश बव्हंशी अमलात आला होता.

त्यानंतर मतदारासमोर दुसरा प्रश्न उभा राहिला : राज्य चालवणार कोण? जनता पक्षातील घटक एकमेकांत विरघळले नाहीत. पंतप्रधान मोरारजी देसाई, चरणसिंग आणि जगजीवनराम यांच्यातील स्पर्धा उघड झाली. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले चरणसिंग लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. महागाई वाढली, कांद्याचे भाव प्रचाराचा विषय झाले. मे १९७७ मध्ये बिहारमधील बेलछी येथे दलितांचे हत्याकांड घडले आणि ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी तेथे पोहोचल्या. सत्तापालटातून आपल्याला सुरक्षितता मिळाली का, असा प्रश्न ज्यांना पडला होता, त्यांच्यापर्यंत ही भेट पोहोचली.

१९८० मध्ये विरोधी मते पुन्हा फुटली. जनता पक्षाला ३१ आणि चरणसिंगांच्या गटाला ४१ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात काँग्रेस (आय) ने ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. आघाताने सैल झालेल्या मताला धरून ठेवणारी संघटना नसेल, तर ते मत जुन्या जागी परतते, हा धडा येथे मिळतो. मतदार विसरला असे म्हणण्यापेक्षा, त्याने दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

४.५ दुसरा आघात : १९८४

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली. डिसेंबरमधील निवडणुकीत राजीव गांधी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने ४९ टक्के मते आणि ४०४ जागा मिळवल्या. भारतीय जनता पक्षाला केवळ दोन जागा मिळाल्या. हा आघात शोकाचा होता, आणि देशाच्या ऐक्याविषयीच्या चिंतेचाही.

तथापि तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, एकाच घटनेचा अर्थ सर्वांसाठी एक नव्हता. हत्येनंतर दिल्लीत झालेल्या हिंसाचारात, शासकीय आकड्यांनुसारही अडीच हजारांहून अधिक शिखांचा बळी गेला. त्या समाजासाठी १९८४ हे वर्ष काँग्रेसविषयीच्या सहानुभूतीचे असणे शक्यच नव्हते. १९८५ मध्ये पंजाबात लोकसभेच्या १३ पैकी ७ जागा अकाली दलाने जिंकल्या. दुसरी, आंध्र प्रदेशात तेलुगु देसम पक्षाने या लाटेतही ३० जागा जिंकल्या. तेथे नवी प्रादेशिक निष्ठा आकाराला आली होती. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. कर्नाटकात डिसेंबर १९८४ मध्ये काँग्रेसला २८ पैकी २४ जागा मिळाल्या आणि मार्च १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत तेथेच रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाने स्पष्ट बहुमत मिळवले. केंद्रासाठी एक आणि राज्यासाठी दुसरा निकष लावणारा हा मतदार भावनेच्या भरात वाहून गेला होता, असे म्हणता येत नाही.

पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, काँग्रेसच्या जागा १९७ वर आल्या. शोकाने दिलेले मत निष्ठेत रूपांतरित झाले नव्हते.

४.६ खोलवर काय बदलले?

मग आणीबाणीच्या आघाताचा टिकाऊ परिणाम काहीच झाला नाही का? झाला, पण तो दिसायला बारा वर्षे लागली. केंद्रात काँग्रेसचा पराभव होऊ शकतो, हे मतदाराने प्रथमच अनुभवले. जनता प्रयोगात सहभागी झाल्याने जनसंघाचे राजकीय एकटेपण संपले आणि त्यातूनच १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. उत्तर भारतातील शेतकरी मागास जातींना सत्तेत वाटा मिळाला. याच जनता सरकारने मंडल आयोग नेमला, ज्याच्या शिफारशींची अंमलबजावणी १९९० मध्ये जाहीर झाली.

उत्तर प्रदेशात १९८० चे पुनरागमन पूर्ण नव्हते, हेही पाहा. १९७१ मध्ये तेथे काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मते होती. १९७७ मध्ये ती सुमारे २५ टक्के झाली आणि १९८० मध्ये ५१ जागा मिळूनही सुमारे ३६ टक्केच राहिली. चरणसिंगांच्या पक्षाने त्या पराभवाच्या वर्षीही तेथे २९ जागा राखल्या. ज्या गटाला स्वतःचे नेतृत्व आणि स्वतःचा पक्ष लाभला, तो गट परत फिरला नाही. १९९० नंतर हीच प्रक्रिया इतर समाजगटांत घडली. दलित मतदारांचा मोठा भाग बहुजन समाज पक्षाकडे, उच्च जातींचा भारतीय जनता पक्षाकडे आणि यादव व मुस्लिम मतदारांचा समाजवादी पक्षाकडे गेला. काँग्रेसचा जुना आधार असा वाटला गेला. १९९८ मध्ये त्या राज्यात काँग्रेसला सुमारे सहा टक्के मते मिळाली. १९७७ चे शून्य पंचवीस टक्के मतांवरचे होते आणि १९९८ चे सहा टक्क्यांवरचे. प्रास्ताविकात उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. देशपातळीवरही १९८९ नंतर काँग्रेसला ४० टक्के मतांचा टप्पा पुन्हा गाठता आलेला नाही.

४.७ आकड्यांचा अर्थ लावताना

कोष्टक वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एखाद्या मतदारसंघात १९७७ मध्ये काँग्रेसची मते घटली आणि १९८० मध्ये वाढली, यावरून तीच माणसे गेली आणि तीच परत आली, असे सिद्ध होत नाही. काही नवे मतदार आलेले असतात, काही मतदानाला गेलेले नसतात, काहींनी उलट दिशेने प्रवास केलेला असतो. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वर्तनाविषयी घाईने निष्कर्ष काढणे हा अभ्यासातील दोष मानला जातो. व्यक्तीच्या पातळीवरील बदल समजून घेण्यासाठी मुलाखतींवर आधारित सर्वेक्षणे लागतात. तसेच जागांची संख्या हे निष्ठेचे माप नव्हे. मतांची टक्केवारी आणि तिचे सामाजिक वाटप अधिक विश्वसनीय ठरते.

४.८ सारांश

कोणत्याही राजकीय आघाताचा परिणाम अभ्यासताना चार प्रश्न विचारावेत. आघात कोणत्या समाजगटापर्यंत, किती तीव्रतेने पोहोचला? त्याचा दोष किंवा श्रेय कोणाला दिले गेले? नाराज मतदारासमोर समर्थ पर्याय होता का? आणि तो पर्याय पुढे टिकून एखाद्या समाजगटाचा स्वतःचा पक्ष झाला का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मतबदल समजावून देतात. निष्ठाबदल चौथ्यावर अवलंबून असतो. १९७७ मध्ये उत्तर भारतात पहिल्या तीन अटी पूर्ण झाल्या, चौथी केवळ अंशतः. १९८४ चा आघात सत्तारूढ पक्षाच्या बाजूने गेला, परंतु त्यातूनही टिकाऊ निष्ठा निर्माण झाली नाही. मतदार विसराळू असतो, या समजुतीला या निवडणुका आधार देत नाहीत.

४.९ पारिभाषिक शब्द

- पक्षनिष्ठा : विशिष्ट पक्षाविषयीची दीर्घकालीन आपुलकी.
- निर्णायक निवडणूक : मतदारांची नवी, टिकाऊ विभागणी दर्शवणारी निवडणूक.
- विचलित निवडणूक : जुन्या निष्ठा कायम असूनही तात्कालिक कारणांनी वेगळा निकाल देणारी निवडणूक.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मतबदल एका निवडणुकीपुरता असतो, निष्ठाबदल अनेक निवडणुकांत टिकतो. (आ) निष्ठा कायम राखणारी, विचलित आणि पुनर्रचना करणारी.

प्रश्न २ : (अ) सक्तीचा जाच तुलनेने कमी होता, जनता पक्षाची संघटना दुबळी होती. (आ) विरोधी मते एकवटल्यामुळे जुन्या मतविभागणीचा लाभ काँग्रेसला मिळाला नाही.

४.११ स्वाध्याय

१. ‘१९७७ ची लोकसभा निवडणूक निर्णायक होती की विचलित?’ दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत मांडा.
२. महाराष्ट्रातील १९७७ च्या निकालाची उत्तर प्रदेशातील निकालाशी तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : १९७७ मध्ये मतदान केलेल्या, आपल्या परिसरातील तीन ज्येष्ठ व्यक्तींशी बोला. त्या काळात आणीबाणी त्यांच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचली, हे विचारा. त्यांनी कोणाला मत दिले, हे सांगण्याचा आग्रह धरू नका. मिळालेल्या माहितीची सारांशातील चार प्रश्नांच्या आधारे दोन पानांत मांडणी करा.